रानपिंगळ्याची चिठ्ठी

शहापूर तालुक्यापासून वाड्याकडे पसरलेल्या तानसा अभयारण्यांत २०१४ सालीं एक लहानसें घुबड आढळलें. त्याचें नांव रानपिंगळा. गांवाजवळच्या ढोलींत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा आपण सर्वच ओळखतों; रानपिंगळा मात्र अत्यंत दुर्मिळ आहे. त्याच्या इतिहासांत एका सैनिकाची कथा गुंतलेली आहे.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन (१८७८–१९६७) हा ब्रिटिश सैन्यांतील अधिकारी. हिंदुस्थान, पूर्व आफ्रिका व पॅलेस्टाइन येथें त्यानें नोकरी केली. पक्ष्यांचा अभ्यास हा त्याचा छंद. त्याची नजर मोठी तीक्ष्ण होती; आफ्रिकेंतील एका महाकाय रानडुकरास शास्त्रज्ञांनीं १९०४ सालीं त्याचेंच नांव दिलें. अरबस्तानांतील पक्ष्यांवर त्यानें ग्रंथ लिहिला आणि सुमारें २०,००० पक्ष्यांचे कापूस भरलेले नमुने १९५४ सालीं लंडनच्या संग्रहालयास अर्पण केले.

अशा प्रत्येक नमुन्याच्या पायास एक चिठ्ठी बांधलेली असते. तो पक्षी कोणीं, कोठें व कोणत्या दिवशीं मिळविला, हें तीवर लिहितात. मेलेला पक्षी कांहींच सांगूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें ती चिठ्ठीच बोलते. माइनर्ट्झहागेनच्या रानपिंगळ्याची चिठ्ठी म्हणे कीं, तो तापीकाठच्या मांडवीस १९१४ सालीं मिळाला. पण १८८४ नंतर हा पक्षी दुसऱ्या कोणासच मिळाला नव्हता!

१९९० नंतरच्या वर्षांत पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें सहकाऱ्यासह हा नमुना क्ष-किरणांनीं तपासला. कापूस भरण्याची जुनी रीत आंत लपून राहिली नव्हती. तो नमुना वस्तुतः खानदेशांत अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यानें १८८० नंतरच्या दशकांत मिळविलेला होता. तो लंपास करून, पुन्हां भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यांत आली होती.

मांडवीची नोंद अशी बाद झाल्यावर शोध जुन्या, विश्वसनीय ठिकाणांकडे वळला. डेव्हिडसनच्या इतर चिठ्ठ्यांवर शहादें हें नांव होतें. नोव्हेंबर १९९७ मध्यें त्याच शहाद्याच्या परिसरांत रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षें तो जगास हरवला होता; एका प्रामाणिक माणसाच्या दोन ओळींनीं तो परत मिळवून दिला.

आणि माइनर्ट्झहागेन? त्याच्या इतर अनेक नमुन्यांच्या चिठ्ठ्याही खोट्या ठरल्या. त्याच्या नोंदींत खऱ्याही पुष्कळ असतील; परंतु आज शास्त्रज्ञ त्यांवर सहजासहजीं विसंबत नाहींत. असत्याची हीच मोठी हानि आहे, कीं तें शेजारच्या सत्यासही बाटवितें.

प्रयोगवहींत उत्तर जुळावें म्हणून एखादा आंकडा बदलण्याचा मोह कोणास होत नाहीं? अशा वेळीं रानपिंगळा आठवावा. शहापूर–मुरबाडच्या रानांत जो पक्षी दिसेल, त्याचें स्थळ व दिवस वहींत टिपून ठेवावा. नांव ठाऊक नसल्यास ती जागा कोरी सोडावी. कोरी जागा उद्यां भरतां येते. खोटें नांव मात्र पुढील पिढीस रानोमाळ भटकावयास लावतें.