शेताचें छायाचित्र व कॅमेऱ्याची बैठक

खिशांत कॅमेरा नाहीं असा खातेदार आतां आमच्या शेणवा गांवांत शोधूनच काढावा लागेल. मोबाइल आला आणि त्याबरोबर कॅमेराही आला. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठीं आपल्या पिकाचें छायाचित्र आपणच काढून पाठवावयाचें असतें. बांध फुटला किंवा डुकरांनीं भात लोळविलें, तरी प्रथम हात मोबाइलकडेच जातो. हें चांगलेंच आहे. परंतु हातांत धरून काढलेलें चित्र आज काय आहे एवढेंच सांगतें. काल आणि आज यांत काय फरक पडला हें सांगण्याचें सामर्थ्य त्यांत नसतें. हा धडा आम्हीं फजिती सोसून घेतला, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचें एक खाचर ओहोळाच्या कांठीं आहे आणि दर पावसाळ्यांत ओहोळ त्याचा कांठ खातो. तीन वर्षें आम्हीं चाळीसेक छायाचित्रें जमविलीं आणि पलीकडे घातलेल्या भरावामुळें पाणी आमच्याकडे वळतें, असा अर्ज केला. अधिकाऱ्यांनीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेविलीं आणि शांतपणें विचारिलें, "भाऊसाहेब, या चित्रांत आंबा डावीकडे आहे, त्या चित्रांत उजवीकडे. ओहोळ सरकला कीं आपण सरकलांत?" महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

वास्तविक तें सुचावयास हवें होतें. आमच्या नोकरीच्या आरंभीं मोजणीदार येत, तेव्हां ते आधीं तिपाई रोवून तीवर फळी चढवीत, ती समपातळींत आणीत, ओळंबा सोडून खालची खूण बरोबर साधीत, आणि मगच पेन्सिल हातीं घेत. या खटाटोपांत बराच वेळ जाई आणि आम्ही झाडाखालीं बसून त्यांस नांवें ठेवीत असूं.

चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचें उदाहरणही येथें सांगण्यासारखें आहे. १९१२ सालीं त्यांनीं लंडनहून कॅमेरा आणिला, तेव्हां भांडवलदारांस खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा स्थिर ठेविला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडें थोडें चित्रण केलें. ती पट्टी चालविली असतां मिनिटाभरांत बीं उगवून त्याचा वेल झालेला दिसे. 'अंकुराची वाढ' या नांवाच्या या पट्टीवर त्यांस कर्ज मिळालें आणि १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. कॅमेरा रोज हातभर हलला असता, तर त्या वाटाण्याची वाढ कोणास दिसली असती?

आतां बैठकीच्या सामानाविषयीं. मोबाइल धरणारा चिमटा, त्याखालीं वळणारें डोकें, आणि त्याखालीं तिपाई, असे तीन भाग असतात. डोकें दोन जातींचें मिळतें. एकांत वाटींत बसविलेला गोळा असतो; एक स्क्रू सैल केला कीं तो सर्व दिशांस फिरतो. काम झटपट होतें, परंतु एकदां सोडलें कीं पूर्वीचा कोन गेलाच. दुसऱ्यांत आडवें फिरविणें, पुढें-मागें झुकविणें व बाजूस कलविणें यांचे स्क्रू वेगवेगळे असतात. तेंच चित्र पुन्हां पुन्हां काढावयाचें असेल, तर हें दुसरें घ्यावें. कॅमेऱ्याचा नेहमींचा स्क्रू पाव इंच जाडीचा व इंचास २० आट्यांचा असतो. जड यंत्रांचा पाऊण-अर्धा, म्हणजे ३/८ इंच, १६ आट्यांचा. लोहाराकडील ६ मिलिमीटरचा बोल्ट दिसण्यांत पाव इंचासारखाच असतो, पण आटे निराळे पडतात व तो घुसविल्यास चिमट्याचे आटे मरतात. आमचा एक चिमटा असाच गेला.

तिपाई उतारावर लावतांना दोन पाय उताराकडे व एक चढाकडे ठेवावा. चिखलणींत पायांखालीं चपटे दगड द्यावे. मधला दांडा होतां होईल तों वर काढूं नये. वाऱ्यानें तो डुलतो.

परंतु पावसांत दरवेळीं तिपाई नेऊन तीच जागा साधणें कठीण. म्हणून आम्हीं जुन्या घराची सागाची मेढ, बुडास डांबर लावून, कांठापासून वीस पावलांवर दोन हात खोल पुरली. तिच्या माथ्यावर लोखंडी पट्टी व पाव इंची बोल्ट बसविला, आणि डोकें एकाच दिशेनें बसावें म्हणून दोन खिळे ठोकले. दोन हद्दीच्या दगडांपासून मेढीचें अंतर फितीनें मोजून लिहून ठेविलें; जुनी खोड जात नाहीं. मेढीसमोर कांठावर फुटांच्या खुणा रंगविलेली काठी उभी केली. घरून फक्त चिमटा व डोकें न्यावयाचें, आणि चित्र मोठें-लहान न करितां सकाळच्या ठराविक वेळीं काढावयाचें.

प्रत्येक नक्षत्र लागलें कीं एक, याप्रमाणें रोहिणीपासून हस्तापर्यंत दहा चित्रें झालीं. तीं ओळीनें लाविलीं तेव्हां आम्ही थोडे वरमलों. भराच्या पुरांत कांठ फारसा पडला नव्हता. तो पडला पुष्याच्या चित्रानंतर, पाणी ओसरल्यावर. आणि पहिली भेग दिसली ती आमच्याच खाचराचें जादा पाणी जेथून सोडीत होतों त्या वाटेखालीं. भरावाकडील कांठही झिजला आहे खरा, पण तो नंतर आणि कमी.

पाण्याची वाट आतां आम्हीं वरच्या बांधाकडे वळवून तिच्या तोंडाशीं दगड रचले आहेत. अर्ज मागें घेतला नाहीं. त्यांतील दोन ओळी मात्र खोडून दहाही चित्रें जोडलीं आणि तो पुन्हां दाखल केला.