हिरव्या कुरणातल्या उपाशी मेंढ्या

मेंढी खंगायला लागली की आपण दोन गोष्टी तपासतो. चारा पुरतो का, आणि पोटात जंत आहेत का. पण चारा भरपूर आहे, जंतही नाहीत, आणि तरी मेंढी भर कुरणात वाळत चालली आहे, असं झालं तर?

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या चुनखडीयुक्त वाळूच्या पट्ट्यात नेमकं हेच होत असे. मेंढ्या चारा सोडत, लोकर झडे, रक्त फिकट पडे आणि शेवटी त्या मरत. कळप काही काळ आतल्या भागात हलवला की त्या सुधारत. मेंढपाळांना एवढं ठाऊक होतं. कारण मात्र कोणालाच सापडत नव्हतं.

अशाच खंगण्यावर न्यूझीलंडमध्ये आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहयुक्त माती चारून पाहिली होती आणि गुण येत होता. तेव्हा लोह कमी पडतं, असा साहजिकच निष्कर्ष निघाला. पण गुण यायला लोह फारच मोठ्या प्रमाणात द्यावं लागे. अंडरवुड आणि फिल्मर या संशोधकांना इथेच शंका आली. त्यांनी त्या मातीतून लोह काढून टाकलं आणि उरलेला अर्क दिला. तरीही गुण आला! 1935 साली उलगडा झाला, की काम करत होता तो मातीत लेशमात्र असलेला कोबाल्ट. मेंढीला तो दिवसाकाठी मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा पुरतो.

एवढासा कोबाल्ट करतो तरी काय? याचं उत्तर मिळायला 1948 साल उजाडलं. ब-12 हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात हाती आलं, आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट निघाला. मेंढीच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव कोबाल्ट वापरून हे जीवनसत्त्व तयार करतात. चारा आंबून जी आम्लं बनतात, त्यांतल्या प्रोपिऑनिक आम्लाची साखर करायला मेंढीच्या यकृताला ब-12 लागतं. ते नसलं की खाल्लेलं अंगी लागत नाही आणि भूकही मरते. म्हणूनच कोबाल्ट टोचून उपयोग होत नाही. तो सूक्ष्मजीवांपर्यंत, म्हणजे पोटातच, पोचावा लागतो. पुढे 1958 साली कोबाल्टची जड गोळी निघाली. ती गिळवली की पोटाच्या तळाशी बसून महिनोन्‌महिने झिजत राहते.

तांब्याची गोष्ट याहून अवघड. इथे नुसतं प्रमाण पाहून भागत नाही. चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असलं, तर कोटीपोटात त्यांची संयुगं होतात आणि ती तांब्याला जखडून ठेवतात. तांबं चाऱ्यात असतं, पण रक्तात उतरत नाही. मग लोकरीचा कुरळेपणा जातो, काळी लोकर फिकी पडते, आणि गाभण मेंढीला ते कमी पडलं तर कोकरू मागच्या पायांनी लटपटत जन्मतं.

हे ऐकून कोणी उत्साहाने तांबं चारायला निघेल, म्हणून लगेच सांगतो: तांब्याच्या विषबाधेला मेंढीइतकं नाजूक पाळीव जनावर क्वचितच. जादा तांबं तिच्या यकृतात महिनोन्‌महिने साठतं, वरून काही दिसत नाही. मग प्रवासाचा किंवा उपासमारीचा ताण पडला की ते एकदम रक्तात येतं, रक्तपेशी फुटतात, कावीळ होते, लघवी काळपट होते आणि मेंढी एकदोन दिवसांत दगावते. कोंबड्यांच्या किंवा डुकरांच्या खाद्यात मुद्दाम तांबं घातलेलं असतं. गायीम्हशींच्या खनिज मिश्रणातलं प्रमाणही मेंढीला जास्त होऊ शकतं. तेव्हा उरलेलं पोतं मेंढ्यांपुढे रिकामं करण्याआधी त्यावरचा तांब्याचा आकडा जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.