वस्तूंची परतीची वाट

दिवाळीला माळा रिकामा करताना एक प्रश्न मला दरवर्षी पडतो. पसारा कमी करण्याचे धडे आजीच्या पिढीला कुणी दिले नव्हते, तरी त्यांच्या घरात अडगळ कमी कशी?

पतंजलींनी पाच यमांत अपरिग्रह सांगितला, हे खरे. पण मला उत्तर सापडले ते व्रतात नव्हे, व्यवहारात. वस्तू खरेदी कमी होती, हे एक कारण. दुसरे म्हणजे घरात आलेल्या वस्तूला परतीची वाट होती. नऊ वार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटरचे लुगडे विरले की त्याची गोधडी होई. गोधडी फाटली की पायपुसणे. उरलेले कपडे बोहारीण नेई. मूळच्या गुजरातेतल्या वाघरी समाजाच्या या बायका जुन्या कपड्यांवर भांडी देत. ते कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात पुन्हा विकले जात.

आईची रेशमी लुगडी मी सहा वर्षे पेटीत जपली. यंदा उघडली, तर ती घडीवरच फाटली होती. साठवण्याला मी जपणूक समजत होतो. उरलेली सुती लुगडी गोधडीसाठी दिली आहेत. आता नवी वस्तू घेताना आधी विचारतो, ही पुढे जाणार कुठे?