बसून राहिलेला चपळपाय

‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात अकिलीस रुसून जहाजांपाशी बसतो. सभेला जात नाही, लढाईला जात नाही. तरी होमर तिथेच त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणतो आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जहाजांना ‘वेगवान’! कवीला डुलकी लागली असावी, असंच वाटतं. पण ही करणी वृत्ताची.

‘इलियड’चं वृत्त हेक्झामीटर. त्याच्या ओळीत सहा गण. प्रत्येकात एक गुरु, दोन लघु. म्हणजे आपला भगणच. दोन लघूंऐवजी एक गुरु चालतो, मात्र पाचव्या गणात तशी सूट कवी क्वचितच घेतो. सहावा गण दोन अक्षरांचा, आणि शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरु धरायचं. त्यामुळे ओळीत १२ अक्षरं असोत की १७, मात्रा २४च. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर बहुधा गुरु, हाही नियम तिथे आहे!

आता गंमत पाहा. ओळीच्या शेवटी पाच अक्षरांची जागा उरली तर ‘दिओस अखिल्लेउस’, म्हणजे तेजस्वी अकिलीस. सात अक्षरांची उरली तर ‘पोदास ओकुस अखिल्लेउस’, चपळ पायांचा. गुणवर्णनापेक्षा मापाची गरज मोठी. अडलंच तर नावातला एक ‘ल’सुद्धा गळतो.

मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९२८ साली पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात ही विशेषणांची यंत्रणा उलगडून दाखवली. मग अशी रचना तोंडी कशी होते हे पाहायला तो युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करू लागला. १९३५ साली अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकाने १२ हजारांहून जास्त ओळींचं एकच काव्य सांगितलं. जवळपास ‘ओडिसी’एवढं! पाठ केलेलं नव्हे. मापात बसणारे तयार शब्दसमूह जुळवत, सांगता सांगता रचलेलं.

लॅटिनमध्ये हेक्झामीटर कवी एनिअसने आणलं, व्हर्जिलने कळसाला नेलं. मला मात्र जास्त भुरळ पडते ती प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोची. तिच्या प्रसिद्ध कडव्यातल्या पहिल्या तिन्ही ओळी ११ अक्षरांच्या, आणि तिथे दोन लघूंचा एक गुरु करायची मुभा नाही. वेदांतला त्रिष्टुभही ११ अक्षरी. हा योगायोग नाही, दोन्हींचं मूळ एकाच प्राचीन काव्यपरंपरेत आहे, असं फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये याने १९२३ साली मांडलं. होमरचं हेक्झामीटर मात्र त्या वंशावळीत बसेना. ते ग्रीकांनी आधीच्या एजियन लोकांकडून उचललं असावं, असा तर्क त्याला करावा लागला.