४८० किलो, चार माणसं

सकाळी ७.१०. नालासोपारा स्टेशन. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, खिशात लोकलचा पास. गाव कळमेश्वर, नागपूरजवळचं. तिथे भाऊ संत्र्याची बाग बघतो. आमचा नायक मुंबईत नाट्यगृहांतून रंगमंचावरची कामं करतो. आजचा रोज ९००.

९.१५. नरिमन पॉइंट, एनसीपीएचं जमशेद भाभा नाट्यगृह. १,१०९ खुर्च्या रिकाम्या. संध्याकाळी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजवणार. बेथोव्हनच्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोसाठी परदेशातून नामवंत पियानोवादक आलाय. आमच्या नायकाच्या हातात बैठकीच्या नकाशाचा कागद. वादक ६३, स्वरलिपीचे स्टँड ३९. तंतुवाद्यांना दोघांत एक, फुंकवाद्यांना प्रत्येकी एक. डबल बेसला उंच स्टूल.

१०.३०. स्टाइनवे पियानो आत येतो. लांबी २७४ सेंटिमीटर, वजन ४८० किलो. चार माणसं, तीन पाय, तीन चाकं. "धक्का नाही मारायचा जी, नुसता चालवायचा," तो नव्या पोराला सांगतो. फळीच्या सांध्यावर चाक अडतं. तिघं थांबतात, चौथा वाकून चाक वळवतो. जागेवर आल्यावर चाकांना खीळ.

११.००. ट्यूनर. ८८ पट्ट्या, सुमारे २३० तारा. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा. दोन फेल्टने दाबायच्या, एक ऐकायची. खुंटी किल्लीने केसभर वळते. या वेळात मंचावर खुर्ची सरकवायची नाही. एसी बंद करायचा नाही, मुंबईची दमट हवा सूर चढवते. आमचा नायक बाहेर चहा पितो. १५ रुपये.

२.००. तालीम. पियानोवादकाला बाक दोन बोटं खाली हवा. मग एक बोट वर. आमच्या नायकाने जमिनीवर पांढरी चिकटपट्टी लावली. चार पट्ट्या: तीन चाकांच्या, एक बाकाची.

४.३०. डबा. पोळी, वांग्याची भाजी. कळमेश्वरहून आईचा फोन. "काय काम हाय आज?" "मोठी पेटी हालवाची हाय माय."

५.३०. ट्यूनर पुन्हा. तालमीत चार सूर उतरले होते.

७.००. सुरुवातीला मोझार्टचं 'फिगारो' ओव्हर्चर, चारेक मिनिटं. त्यात पियानो नाही, तो मंचाच्या कडेला उभा. टाळ्या. आता खरं काम. पुढच्या व्हायोलिनवाल्यांच्या खुर्च्या मागे, संचालकाचा चौथरा मागे, पियानो मध्ये. काळे शर्ट, काळे बूट, सगळं प्रेक्षागृह बघतंय. चाकं पट्टीवर. झाकण उघडून दांडी लावली. पाच मिनिटं.

७.१५. कॉन्चेर्टो. आमचा नायक विंगेत उभा, डोळे बाकावर. बाक हलला नाही.

८.००. मध्यंतर. पियानो बाहेर. पुढे ब्राम्सची पहिली सिम्फनी. खुर्च्या सहा वाढल्या: तीन ट्रॉम्बोन, दोन हॉर्न, एक कॉन्ट्राबसून.

१०.१५. खुर्च्यांच्या थप्प्या. स्टँड मोजले, ३९ अधिक ६, पंचेचाळीस भरले. पियानोवर गोधडीसारखं आवरण. वडापाव २० रुपये.

या वाद्यवृंदाचे सीझन वर्षातून दोन, फेब्रुवारी आणि सप्टेंबर. मधल्या महिन्यांत आमचा नायक लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या लावतो. तिथे रोज ७००, जेवण त्यांचं.