नारंगीचा हिरवा होईपर्यंत

सकाळचे सात. पुण्याच्या शिवाजीनगरमधली जुनी इमारत, तिसरा मजला. लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ची पाटी, पाटीवर धूळ. जिना चढताना वरून एकसुरी घरघर ऐकू येत राहते, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तशी. वर पोचल्यावर कळतं, हा पंख्यांचा आवाज. छताच्या नव्हे, यंत्रांच्या पोटातल्या पंख्यांचा.

दार लोटलं की ऊब अंगावर येते. मे महिना आहे आणि खोलीत एसी नाही. भिंतीलगत दोन लोखंडी रॅक, त्यांत एकावर एक रचलेले राउटर आणि स्विच. प्रत्येकावर कुठल्या तरी ऑफिसचं अर्धवट खरवडलेलं स्टिकर. हे सगळं सामान नोकरी करून, निवृत्त होऊन इथे आलंय. समोर बसलेली मुलं अजून नोकरीला लागायची आहेत.

मुलं बावीस, खुर्च्या चौदा. उशिरा येणारा खिडकीच्या कट्ट्यावर बसतो. कुणी डिप्लोमा केलेला, कुणी बीएस्सी. परभणी, लातूर, इस्लामपूर, चाळीसगाव. सर कुणाला नावानं हाक मारत नाहीत.

“ए परभणी, पंखा इकडे फिरव जरा.”

परभणी उठतो, पंखा फिरवतो. वारा येतो तोही गरम.

आज आधी केबल करायची आहे. आठ तारा, दोन-दोनच्या पिळाच्या चार जोड्या. पीळ उलगडायचा, तारा सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, कनेक्टरमध्ये सरकवायच्या आणि क्रिम्पिंग टूलनं कचकन दाबायचं. रंगांचा क्रम सगळे पाढ्यासारखा म्हणतात. व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राउन, ब्राउन. हिरव्याची जोडी फोडून मध्ये निळी का घातली, असं चाळीसगाव विचारते. मधल्या दोन जागा जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या होत्या, सर सांगतात. फोन गेला, जागा राहिली. आपल्याकडे वाड्यांच्या बाबतीत असं होत नाही.

टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले पाहिजेत. परभणीचे एक, दोन, पाच, चार असे उड्या मारत लागतात. तो काही न बोलता टोक कापून टाकतो. बाकाखाली कापलेल्या टोकांचा सडा पडलाय. तांबं, रंगीत प्लॅस्टिक, फुकट गेलेले कनेक्टर. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून कनेक्टरचं शंभराचं पाकीट आणलं तर आठवडाभर पुरतं, असं सर म्हणतात. या बॅचला पुरेलसं दिसत नाही.

अखेर एक केबल जमते. तिचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं स्विचला. पोर्टवरचा दिवा लागतो. नारंगी.

“सर, चालत नाहीये.”

“थांब.”

सगळे थांबतात. मीही मनात आकडे मोजतो. दहा. वीस. पंख्यांची घरघर. खाली रिक्षावाला कुणाशी तरी भांडतोय. तीस. दिवा हिरवा होतो.

“पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो, मग बोलतो,” सर सांगतात. “तुम्ही उलटं करता.”

हसू फुटतं. नाही थांबलं तर काय होतं, तेही सर दाखवतात. ही सावधगिरी पाळणारा स्पॅनिंग ट्री नावाचा नियम ते स्विचमध्ये बंद करतात आणि एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचतात. दोन क्षण काही नाही. मग सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात, इतके जलद की जवळजवळ पेटलेलेच दिसतात. एकानं सगळ्यांना उद्देशून हाक दिली, ती वळसा घालून परत आली, स्विचनं पुन्हा सगळ्यांना दिली. या पातळीवरच्या निरोपाला मरण नसतं. तो फिरत राहतो, वाढत राहतो. लॅपटॉपवरचं पान अडकतं. सर केबल उपटतात. दिवे शांत. कुणी काही लिहून घेत नाही. हे विसरायचं नाही, हे सगळ्यांना कळलेलं असतं.

मग फिकट निळी कन्सोल केबल हातोहात फिरते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चमकती खूण. ‘एनेबल’ लिहिताना लातूरकराची दोन अक्षरं उलटसुलट होतात. राउटरला वाटतं, हे कुठल्या तरी यंत्राचं नाव. तो ते नाव साऱ्या नेटवर्कला विचारत बसतो. पडदा गोठतो.

“कंट्रोल, शिफ्ट, सहा,” मागून चार जण एकदम ओरडतात. हा अनुभव प्रत्येकानं घेतलाय.

पत्ता दिला. ‘नो शटडाउन’ दिलं. इथे पोर्ट चालू करायचं म्हणजे ‘बंद करू नकोस’ असं सांगायचं. मला ही भाषा अजूनही मजेशीर वाटते. आता पिंग, म्हणजे पलीकडच्या यंत्राला पाच हाका. पडद्यावर आधी एक टिंब उमटतं. त्यापुढे चार उद्गारचिन्हं. ऐंशी टक्के यश, असं राउटर कळवतो.

“एक गेलं कुठे, सर?”

“वाड्यात पहिल्यांदा गेलास तर आधी विचारतोस ना, जोशी कुठे राहतात? तेवढ्यात पहिला निरोप हुकला. आता घर माहीत झालं. परत दे.”

परत दिल्यावर पाच उद्गारचिन्हं. मुलगा मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतो.

*

दुपारी बारा. अप्पा बळवंत चौक. ऊन डोक्यावर, स्कूटर पायावर. पुस्तकांच्या दुकानापुढे गर्दी शाळेच्या वह्यांची आणि एमपीएससीच्या संचांची. नेटवर्किंगचा कप्पा आत, पंख्यापासून लांब. दोन जाडजूड खंड. दुकानदार न बघता हात घालून काढतो.

“नवं पाहिजे का जुनं?”

जुनं स्वस्त आहे. पण ही मुलं देणार आहेत त्या सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेचा अभ्यासक्रम २०२० च्या फेब्रुवारीत बदलला. आधी ही परीक्षा दोन पेपरांत देता यायची, आता एकच, क्रमांक २००-३०१. शेवटी ऑटोमेशनचा नवा भाग आला, दहा टक्के गुणांचा. जुन्या आवृत्तीत तो नाही. इस्लामपूरची मुलगी दोन्ही खंड हातात तोलते, किंमत बघते, आणि फक्त पहिला घेते. दुसरा मैत्रिणीकडे आहे, म्हणते.

पुस्तकाचा खर्च मुळात किरकोळ. परीक्षेची फी ३०० डॉलर. कर धरून तीस हजारांच्या घरात जाते, आणि रुपया घसरला की आपोआप वाढते. लॅबमधली मुलं त्यामुळे सोन्यासारखा डॉलरचा भाव बघतात. इस्लामपूरच्या मुलीचे वडील टेम्पो चालवतात. फी कुठून आली, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

*

रात्रीचे साडेनऊ. सदाशिव पेठेतली अभ्यासिका. बाहेर चपलांच्या चार रांगा, आत प्लायवूडचे खुराडेवजा कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक ट्यूबलाइट, एक बाटली, एक वाकलेली मान. बोलायला बंदी. पानं उलटल्याचा आवाज, पंख्याची कुरकुर, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. मेसमध्ये आज पिठलं होतं.

नव्वद टक्के कप्प्यांत राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती. भिंतीवर नकाशे आणि कलमं. परभणीच्या कप्प्यात मात्र वेगळाच कागद डकवलाय: कनेक्टेड ०, स्टॅटिक १, ओएसपीएफ ११०, रिप १२०. रस्ता सांगणाऱ्यांपैकी कुणावर किती भरवसा ठेवायचा, त्याचे हे आकडे. जितका लहान तितका भरवशाचा. शेजारी तलाठ्याच्या परीक्षेला बसणारा मुलगा रोज त्या कागदाकडे बघतो. कसला रेट आहे, त्यानं एकदा विचारलंही होतं.

परभणी सबनेटिंग करतोय, म्हणजे पत्त्यांची गल्लीवार वाटणी. पाठकोऱ्या कागदावर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. स्लॅश सव्वीस म्हणजे मास्कचा शेवटचा आकडा १९२. दोनशे छप्पन्न वजा एकशे ब्याण्णव, चौसष्ट. त्यातला पहिला पत्ता गल्लीच्या नावाचा, शेवटचा दवंडीचा. राहायला उरले बासष्ट. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही, म्हणून हे तोंडी यायला हवं. मोबाइलवर घड्याळ लावलंय. एक गणित अठ्ठावीस सेकंदांत. पुढचं एक्केचाळीस. तो ओठ चावतो.

एकूण पत्ते किती, हे त्यानं वरच्या कोपऱ्यात लिहून चौकट केलीय: ४,२९,४९,६७,२९६. बत्तीस बिटांत एवढेच बसतात. सव्वाचारशे कोटींच्या वर, तरी माणशी एकही येत नाही. म्हणून तर घरोघरच्या वायफायवर तेच ते १९२.१६८ नांदतं, गावोगावी गांधी चौक असावा तसं.

फोन थरथरतो. ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकलीय. ‘लेटेस्ट डम्प, ९५ टक्के ग्यारंटी.’ परीक्षेतले फोडलेले प्रश्न. तो ती उघडतो. पाच-सहा पानं खाली सरकवतो. बंद करतो. पुन्हा उघडतो. पाठ करून पास झालेले लॅबमध्ये येऊन गेलेत. मुलाखतीत समोरच्यानं नुसती केबल काढली आणि आता शोध म्हटलं, की त्यांची वाचा बसते. शिवाय पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द. हे त्याला माहीत आहे. तीस हजारही माहीत आहेत. फाइल तो पुसत नाही, मोबाइल उलटा ठेवतो आणि पुढचं गणित घेतो. स्लॅश सत्तावीस.

*

शनिवार, सकाळचे पावणेनऊ. परीक्षा केंद्र. काचेचं दार, आत थंडी. आठवडाभर उकाड्यात बसलेल्यांना ती बोचते. स्वागतकक्षात सात-आठ जण. सगळ्यांची परीक्षा एक नाही. कुणी क्लाउडची देतोय, कुणी हिशेबाची. कुणी कुणाशी बोलत नाही. दवाखान्यात बसल्यासारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात.

काउंटरवरची मॅडम ओळखपत्र मागते. नाव नोंदणीबरहुकूम आहे का, अक्षर न् अक्षर ताडते. इस्लामपूरच्या नावात एका कागदावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. चेहरा उतरतो. दुसरं ओळखपत्र निघतं, जुळतं. फोटो. सही. खिसे उलटे करून दाखवायचे. बाह्या वर. चष्मा काढून द्यायचा, ती उजेडात धरून बघते. घड्याळ, पाकीट, मोबाइल, गळ्यातला काळा दोरासुद्धा लॉकरमध्ये. बदल्यात प्लॅस्टिकचा एक पाटीवजा तक्ता आणि मार्कर.

काचेतून दिसतात त्या नुसत्या पाठी. प्रत्येकाच्या डोक्यावर कॅमेरा. घड्याळ सुरू होतं: १२० मिनिटं. परभणी पहिलं काम करतो ते तक्त्यावर १२८, ६४, ३२ लिहायचं. या परीक्षेत मागे जाता येत नाही. उत्तर दिलं, पुढे गेलं, की तो प्रश्न संपला. आठवलं तरी संपला. मधूनच लॅबचा प्रश्न येतो. तोच काळा पडदा, पांढरी अक्षरं. फक्त मागून ओरडणारे चार जण नसतात.

मी खाली उतरतो.

समोर अमृततुल्य. पितळी पातेल्याला चहाचा वास, वेलदोडा, जायफळ. साडेअकराच्या सुमाराला दोघं एकामागून एक येतात. डोळे बारीक करून, उन्हाला बिचकत. निकाल ऑनलाइन खात्यात बघायचा.

“काका, दोन चहा.”

पान उघडत नाही. पुन्हा. गोल फिरत राहतं. नेटवर्क नाहीये, परभणी म्हणतो, आणि दोघंही हसतात. चहा येतो, निवतो. साय धरते.

तिचं उघडतं. ती एकदा बघते, पुन्हा बघते, आणि फोन लावते.

“बाबा, झाले पास… नाही, नोकरी नाही लागली. परीक्षा पास झाले… हो, तीच.” पलीकडून मोठ्यानं बोलणं ऐकू येतं. किती वर्षं चालतंय ते? “तीन वर्षं. मग रिन्यू करायचं… हो बाबा, लायसनसारखंच.”

परभणीचं पान अजून फिरतंय. मग थांबतं. भागवार टक्के आहेत. कुठला प्रश्न चुकला ते कुठेच नाही. किती गुणांवर पास, तेही नाही. तो आकडा जाहीरच होत नाही. सबनेटिंगचं बरं झालंय. रस्ते शोधण्याचा भाग, सगळ्यात जास्त वजनाचा, पंचवीस टक्क्यांचा, तिथे गेला.

ती चहाचे पैसे देते. तो बोटांवर मोजतोय. नापास झाल्यावर पाच दिवस थांबावं लागतं. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू. शुक्रवारपासून पुन्हा देता येते. फी पुन्हा पूर्ण.