चालत्या यंत्रणेची दुरुस्ती

भेस्तानवरून जाणारा मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग दुरुस्तीसाठी महिनाभर बंद ठेवता येत नाही. गाड्यांच्या मधला वेळ मागून घेऊन काम उरकावे लागते. रेल्वेत या वेळेला ‘ब्लॉक’ म्हणतात. मोबाइलवरून पैसे पाठवण्यामागची संगणकप्रणालीही अशीच चालू ठेवून दुरुस्त करावी लागते. तिला तर ब्लॉकही क्वचितच मिळतो.

१२ एप्रिल २०२५ रोजी देशभर ‘यूपीआय’चे व्यवहार अडखळले. ही प्रणाली चालवणाऱ्या मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला कारण सापडले ते असे: व्यवहार पूर्ण झाला का, हे विचारणाऱ्या चौकशांचा पूर आला होता. काही बँकांकडून जुन्या व्यवहारांचीही चौकशी पुन्हा पुन्हा होत होती. उत्तराला उशीर झाला की चौकशा वाढतात आणि चौकशा वाढल्या की उशीर आणखी वाढतो. म्हणून चौकशांवरच मर्यादा आली: एका व्यवहारासाठी जास्तीत जास्त तीन, त्याही ठरावीक वेळ सोडून. १ ऑगस्ट २०२५ पासून खात्यातील शिल्लकही एका ॲपवर दिवसातून ५० वेळाच पाहता येते.

आधी लोंढा थोपवायचा, मग कारण शोधायचे, हा क्रम चुकला तर काय होते? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीच्या आठ संगणकांपैकी एकावर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला. तिथला जुना, निकामी समजलेला भाग जागा झाला आणि भलतेच सौदे करू लागला. सौदे न थांबवता कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात संगणकांवरचा नवा प्रोग्राम काढला, तेही बिघडले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. कारण कळण्याआधी केलेली दुरुस्ती दुखणे वाढवते.

हाच क्रम आपल्यालाही लागू आहे. गावी, नंदुरबारला किंवा धुळ्याला, पैसे पाठवताना व्यवहार अडकला, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी खाते तपासा. रक्कम वजा होऊन पलीकडच्या खात्यात जमा झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तो तुमचा हक्क आहे. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा आणि बँकेकडे मागा.